सासूबाईंची सताप

"अख्ख्या अरेग्वा गावाला ज्याने पाणी पाजलं, त्याला तुम्ही एका झुडपाला पाणी घालायला शिकवणार?" असं म्हणून सिरीलोने स्वतःच्या छातीवर थाप मारली.

हे तो कुणाला म्हणाला? तर साक्षात सासूबाईंना! देओलिंदाबाई तेव्हा बसची वाट बघत, मांडीवर बोचकं घेऊन ओट्यावर बसल्या होत्या. एन्कार्नासिऑनला थोरल्या लेकीकडे पणतूचा बाप्तिस्मा होता आणि त्या जुलैअखेरीस परतणार होत्या. वय ऐंशीच्या पुढे, डोळे अधू, पण जीभ शाबूत. त्यांनी जावयाकडे नुसतं बघितलं.

"जावईबापू, तेच तर सांगतेय. पाणी घालू नका. सताप आहे ती, भाताचं रोप नव्हे. उन्हात आहे, उन्हात राहू द्या. कधीतरी आठवण झाली तर भांडंभर पाणी. नाही आठवण झाली तर फारच उत्तम."

"तुम्ही निर्धास्त जा, आई!"

सिरीलोची अख्खी नोकरी नळपाण्याच्या कचेरीत गेली. गावात कुठे नळाला धार नाही, कुठे पाइप फुटला, कुठे टाकी भरली नाही, हेच त्याने जन्मभर पाहिलं. जगातलं प्रत्येक दुखणं पाण्याच्या कमतरतेने होतं अशी त्याची पक्की समजूत. बायकोचं डोकं दुखलं की हा तिला तांब्याभर पाणी देणार. स्वतःला ताप आला तर स्वतःला. निवृत्त झाल्यापासून त्याच्या हातून पाणी घ्यायला कुणी उरलं नव्हतं, आणि नेमकी ही सताप त्याच्या तावडीत सापडली.

आता ही सताप म्हणजे काही शोभेचं झाड नव्हे, हे आधी सांगायला हवं. आमच्याकडे ऑगस्ट महिना म्हाताऱ्यांना वाईट. थंडी जाता जाता गल्लीतल्या एखाद्याला उचलून नेते. त्यावर उपाय एकच. एक ऑगस्टला सकाळी, उपाशीपोटी, कारुलिमचे तीन घोट घ्यायचे. म्हणजे उसाची दारू, त्यात कुटलेली सताप आणि लिंबू. तोंड वाकडं होतं, पण वर्ष निघतं. देओलिंदाबाईंच्या नवऱ्याने एका वर्षी "हे सगळं थोतांड आहे" म्हणून पेला बाजूला सारला, आणि त्याच ऑगस्टमध्ये माणूस गेला. त्यानंतर बाईंनी तेलाच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात ही सताप लावली. बाजारातली सताप त्यांना चालत नसे. "कुणाच्या हातची, कुठल्या मातीतली, देव जाणे," असं त्या म्हणत. ऑगस्ट आला की ही पोलादासारखी बाई लहान मुलीसारखी घाबरायची, आणि त्या डब्याजवळ जाऊन दोन पानं चुरगाळून हुंगायची, तेव्हा कुठे तिला धीर यायचा.

बसमध्ये चढताना त्यांनी सिरीलोचा हात धरला. "माझा ऑगस्ट तुमच्या हातात देऊन चाललेय हो," म्हणाल्या. सिरीलोने पुन्हा छातीवर थाप मारली. बस वळणावरून दिसेनाशी झाली आणि हा तडक कळशी भरायला गेला.

पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांवर आला तो डबा. गंजलेला, बुडाला चाळणी झालेला. वरून पाणी घातलं की खालून ओहोळ! ज्या माणसाने जन्मभर गळती बंद केली, त्याच्या अंगणात ही गळती? तो समोरच्या ब्राउलिओकडे गेला. ब्राउलिओ कुंभार. असुन्सिऑनहून शनिवार-रविवारी येणाऱ्या हौशी लोकांसाठी तो कुंड्यांवर टूकान पक्षी रंगवतो. त्यातलीच एक गलेलठ्ठ कुंडी सिरीलोने निवडली.

"बुडाला भोक पाडून देऊ का?" ब्राउलिओने विचारलं.

"एवढ्या देखण्या कुंडीला भोक? अरे, मी भोकं बुजवण्याचा पगार घेतलाय आयुष्यभर!"

"मला काय," ब्राउलिओ म्हणाला. "लोक त्यात छत्र्यासुद्धा ठेवतात."

सताप डब्यातून निघाली आणि टूकानवाल्या कुंडीत बसली. सकाळी एक कळशी, संध्याकाळी एक कळशी, शिवाय दुपारी ऊन लागलं असेल म्हणून थोडं जास्तीचं. आणि हे झालं नुसतं अधिकृत पाणी! कुंडी ठेवली होती आंब्याच्या झाडाखाली, बाकाशेजारी, आणि त्या बाकावर रोज सकाळी सिरीलो आणि ब्राउलिओ यांची तेरेरेची बैठक. आमच्याकडे थंडी असो नाहीतर गारा पडोत, कडवट पाल्यावर बर्फाचं पाणी घातलेला हा तेरेरे प्यायल्याशिवाय दिवस सुरू होत नाही. एकच पेला, एकच नळी, आळीपाळीने ओढायची. शेवटी जगमध्ये उरलेलं बर्फाचं पाणी आणि पेल्यातला चोथा टाकायचा कुठे? शेजारीच कुंडी होती. हात लांब करायचा अवकाश. आमच्या गावात कुणीही तेच केलं असतं. ब्राउलिओ तर चोथा टाकून वर "घे बाळा, तूही घे" म्हणायचा.

सुरुवातीला सतापेला ते मानवल्यासारखं दिसलं. पानं टरारली. त्याच सुमारास सतुर्निना डोक्यावर चिपांची टोपली घेऊन फाटकाशी आली. ही बाई आमच्या गल्लीत रोज गरम चिपा विकते. चीज घातलेल्या त्या कडक, गोल पावांच्या वासानेच लोक जागे होतात.

"अगं बाई, काय तरारलीय ही सताप! माझ्याकडची बघ, काडी झालीय नुसती!" असं म्हणून ती पुढे गेली. मनात काही नव्हतं बिचारीच्या.

दोन दिवसांनी सतापेचं टोक पिवळं पडलं. मग पानं पिवळी पडली. मग फांद्यांनी मान टाकली.

"तहानलीय," सिरीलो म्हणाला आणि त्याने कळशी वाढवली.

जितकं पाणी घालावं तितकी ती जास्त झुकायची. आणि जितकी झुकायची तितकी सिरीलोला ती जास्त तहानलेली दिसायची. "बघ ब्राउलिओ, किती पितेय! सगळं पितेय आणि तरी हावरी आहे!" पाणी कुठे जातं हा प्रश्न त्याला पडला नाही. कचेरीतसुद्धा तो दुसऱ्या खात्याचा प्रश्न होता.

बायकोला मात्र वेगळाच प्रश्न पडला. निल्दा कुंडीपुढे कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "अहो, इतकं पाणी घालता, इतकी काळजी घेता, तरी झाड जातंय. याचा अर्थ कळतोय का तुम्हाला?"

"काय?"

"दृष्ट लागलीय! आणि कुणाची ते मला नको सांगायला. 'काय तरारलीय, काय तरारलीय!' आणि दुसऱ्याच दिवशी मान टाकली! ती सतुर्निना!"

"दुसऱ्या नाही, तिसऱ्या..."

"तुम्ही तिची बाजू घेऊ नका!"

सिरीलो कळशी भरायला वळला. खरं सांगायचं तर त्याला थोडं बरंच वाटलं. सासूबाई परत आल्यावर कुणाचं तरी नाव सांगायला लागणार होतं आणि ते आपलं नसलेलं बरं. निल्दाने दृष्टीवर उतारा म्हणून फांदीला लाल फीत बांधली आणि ही बातमी तिने फक्त तीन बायकांना, अगदी गुपचूप सांगितली. संध्याकाळपर्यंत ती स्टेशनापलीकडे पोचली.

दुसऱ्या दिवशी सतुर्निना आली ती टोपली न घेता. काखेत भला थोरला मातीचा घडा. मागे अर्धी गल्ली.

"निल्दा, बाहेर ये! माझ्या नजरेने झाड मेलं म्हणतेस? माझ्या? मी तुझ्या पोराच्या बाप्तिस्म्याला रात्रभर चिपा भाजल्या होत्या गं! त्यांना नाही का लागली दृष्ट? त्या तर सगळ्या खाल्ल्यात!"

"मी काही नाव घेतलं नाही," निल्दा म्हणाली.

"नाव नाही घेतलंस, पत्ता दिलास! हे बघा सगळ्यांनी. हे काकुपेच्या झऱ्याचं पाणी आहे, मेरीमातेच्या पायाशी भरलेलं. माझ्या डोळ्यात पाप असेल तर हे पाणी घातल्यावर झाड मरू दे. नसेल तर उद्या ताठ उभं राहू दे!"

आणि कुणी काही बोलायच्या आत तिने अख्खा घडा कुंडीत रिकामा केला. पाणी काठोकाठ आलं. लाल फीत त्यात तरंगायला लागली. लोकांनी क्रुसाची खूण केली. सिरीलोनेसुद्धा केली. पाणी पवित्र होतं, त्याने अपाय होईल असं त्याच्या स्वप्नातही येणं शक्य नव्हतं.

सकाळी सताप आडवी!

झालं! देवाच्या दारी निकाल लागला. त्या दिवशी सतुर्निनाची टोपली भरलेली गेली आणि भरलेली परत आली. लोक तिला बघून खिडक्या लावायला लागले. माणसं मुलांची तोंडं फिरवायची. चिपा घेतली तर पोट बिघडेल, असं कुणीतरी म्हणालं. रोज सकाळी "चिपा, गरम चिपा!" अशी खणखणीत हाक यायची, ती बंद झाली.

इकडे सिरीलोने मेलेलं झुडूप निदान बाजूला करावं म्हणून धरून ओढलं. काही ओढावंच लागलं नाही. हातात आपोआप आलं, आणि त्यासोबत असा वास आला की ब्राउलिओ बाकावरून उठून लांब जाऊन उभा राहिला. मुळं म्हणावी तर मुळं नव्हतीच. जास्त शिजलेल्या पालेभाजीसारखा काळा लगदा होता, बोट लावलं की गळून पडणारा. कुंडीत खाली चिखल, त्यावर चोथ्याचा थर, आणि वर डासांची पिल्लं मजेत पोहत होती.

सिरीलोने वाकून आत बघितलं. नळपाण्याच्या कचेरीत इतकी वर्षं काढलेला माणूस. तुंबलेलं पाणी ओळखायला त्याला दुसऱ्याची गरज नव्हती.

"ब्राउलिओ," तो हळूच म्हणाला, "हिला दृष्ट नाही लागली रे. ही बुडून मेली. आपण तिला बुडवली."

"आपण?" ब्राउलिओ लांबूनच म्हणाला. "मी फक्त चोथा टाकत होतो."

"मी रोज बघत होतो, ती तडफडत होती, आणि मी तिच्या तोंडात आणखी पाणी ओतत होतो!"

"आता काय करणार?"

"आईंना कळलं तर त्या खचतील. ऑगस्ट तोंडावर आलाय. नुसत्या भीतीने जातील त्या."

"आणि सतुर्निना?"

सिरीलोने तोवर पायात चपला घातल्या होत्या. त्याने बाजारातून सतापेचं एक रोप आणलं. जुलै संपता संपता आमच्याकडे कोपऱ्याकोपऱ्यावर सतापेच्या जुड्या आणि रोपं मिळतात, त्यामुळे तो भाग सोपा होता. दुपारी सगळं गाव झोपलं असताना त्याने ते जुन्या गंजक्या डब्यात लावलं. चाळणी झालेल्या बुडावर खापराचे तुकडे घातले, मातीत वाळू मिसळली, डबा उन्हात ठेवला. भांडंभर पाणी घातलं आणि कळशी उचलून फळीवर ठेवून दिली. हात शिवशिवत होते, पण त्याने हात खिशात घातले. निल्दाने विचारलं तर म्हणाला, "आईंना काही बोलू नकोस, त्यांच्या जिवाचा प्रश्न आहे." निल्दाने मान डोलावली आणि गल्लीलाही तीच ताकीद दिली. तिचा सगळा राग सतुर्निनावर असल्याने नवऱ्यासाठी काही शिल्लक नव्हता.

देओलिंदाबाई ठरल्याप्रमाणे परतल्या. बोचकं खाली ठेवायच्या आधी डब्यापाशी गेल्या, पानं चाचपली, हुंगली.

"बारीक झालीय," त्या म्हणाल्या.

सिरीलोने त्यांच्या हातातलं बोचकं काढून घेतलं.

"माझ्या आठवणीने झुरली असेल," त्या म्हणाल्या आणि तिच्यावरून मायेने हात फिरवला. "पण जगवलीत हो, जावईबापू. मला वाटलं होतं तुम्ही बुडवून माराल." मग त्या इतक्या मनापासून हसल्या की सिरीलोला जेवण गेलं नाही.

एक ऑगस्टची सकाळ. गार वारा सुटला होता. अंगणात गल्लीतली सगळी म्हातारी मंडळी शाली गुंडाळून जमली होती. देओलिंदाबाईंनी पानं खुडली, लिंबू चिरलं, लाकडी उखळीत कुटलं, त्यात दारू ओतली. फाटकाबाहेर सतुर्निना उभी होती. आत यायची तिची हिंमत नव्हती आणि कुणी तिला ये म्हणत नव्हतं. दरवर्षी सगळ्यांचे घोट झाले की तीच चिपा वाटायची. आज तिची टोपली झाकलेली होती.

देओलिंदाबाईंनी पेला हातात घेतला. "माझ्या सतापेने मला आजवर तारलं," त्या म्हणाल्या. "यंदा मला फार भीती वाटत होती रे. एन्कार्नासिऑनला छातीत धडधडायचं. म्हटलं, घरी पोचते की नाही. पण माझी सताप आहे, आता मला काही होत नाही."

आणि त्यांनी पेला ओठांना लावला.

सिरीलोच्या डोळ्यांपुढे शवपेटीच आली. उद्या या बाईला काही झालं तर? बाजारातल्या रोपावर भरवसा ठेवून गेली तर? आणि ती बाहेर उभी असलेली, तिचं काय?

"आई, थांबा! पिऊ नका!" तो ओरडला. "ही तुमची सताप नव्हे!"

सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या.

"तुमची मेली. मी मारली. तुम्ही पाणी घालू नका म्हणालात, मी कळश्यांवर कळश्या ओतल्या. बिनभोकाच्या कुंडीत! मुळं कुजली तिची. दृष्टबिष्ट काही लागली नाही. सतुर्निनावहिनीचा यात काडीचा दोष नाही. हे मला माहीत होतं आणि मी गप्प बसलो. हे बाजारातलं रोप आहे. आता काय करायचं ते करा!"

"अहो!" निल्दा किंचाळली.

"ऐकलंत?" फाटकाबाहेरून सतुर्निनाचा आवाज फुटला. तो खणखणीत आवाज गल्लीने किती दिवसांत ऐकला नव्हता. "ऐकलंत सगळ्यांनी? खिडक्या लावत होतात ना माझ्या तोंडावर? नळवाल्या, आजची टोपली तू डोक्यावर घेऊन फिरायचीस, गावभर! आणि हाकही तूच मारायचीस!"

"मारीन, वहिनी," सिरीलो म्हणाला. त्याची नजर सासूबाईंवरून हलत नव्हती. त्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या. पेला हळूच खाली ठेवून त्या खुर्चीत टेकल्या.

"पार मेली?" त्यांनी विचारलं.

"पार."

"मुळासकट?"

"मुळासकट, आई. लगदा झाला होता. वास येत होता."

देओलिंदाबाईंनी डोळे मिटले. निल्दा पाणी आणायला धावली आणि अर्ध्यातून परत आली, कारण आता पाण्याचं नाव काढायची सोय नव्हती. मग बाईंनी क्रुसाची खूण केली, डोळे उघडले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं हसू पसरलं की सिरीलोला वाटलं, झालं, वेड लागलं.

"अरे, म्हणजे तो येऊन गेला!"

"कोण आई?"

"ऑगस्ट! मला न्यायला आला होता तो, आधीच! म्हणून तर माझ्या छातीत धडधडत होतं! मी घरी नाही बघून त्याने माझ्या सतापेला नेलं! माझ्या बदल्यात! मुळासकट!" त्या ताडकन उभ्या राहिल्या. "मी सुटले! आता मला वर्षभर कुणी हात लावत नाही!" त्यांनी सिरीलोचं तोंड दोन्ही हातांत धरून दोन्ही गालांचे मुके घेतले. "जावईबापू, पोटच्या पोराने केलं नसतं ते केलंत!"

"आई, पण मुळं पाण्याने..."

"तुम्हाला काय कळतंय त्यातलं!"

मग त्यांनी तो पेलाही रिकामा केला. लिंबू वाया कशाला घालवायचं, म्हणाल्या.

म्हातारी मंडळी आपापले तीन घोट घेऊन, एकमेकांच्या कानांत कुजबुजत, नेहमीपेक्षा जरा लवकरच पांगली. सिरीलोने टोपली डोक्यावर घेऊन अख्खं गाव पालथं घातलं, घसा बसेपर्यंत हाका मारल्या. लोकांना लाज वाटत होती म्हणून की काय, चिपा हातोहात संपल्या. दुपारी तो अंग टाकायला घरी आला, तर फाटकाशी रांग! सतुर्निनाची आत्या, चर्चची घंटा वाजवणारे आजोबा, टेकाडावरची बहिरी आजी, आणि सगळ्यात पुढे ब्राउलिओ. प्रत्येकाच्या काखेत आपापल्या घरची सताप.

"ही माझी," ब्राउलिओ म्हणाला. "सत्तरी उलटली रे माझी. तुझ्याकडे ठेव. देओलिंदाबाईंची जशी सांभाळलीस, अगदी तशीच सांभाळ."

सिरीलो थकवा विसरला. एवढं सगळं होऊन लोक आपल्यावर विश्वास टाकतायत! त्याने रोप दोन्ही हातांनी घेतलं, मातीत बोट खुपसून बघितलं.

"ब्राउलिओ, तू आता काळजीच सोड. मी चांगला धडा शिकलोय. माती बोटाला कोरडी लागल्याशिवाय थेंबभर पाणी घालणार नाही. ऊन दाखवीन, चोथ्याचा कण पडू देणार नाही. पुढच्या ऑगस्टपर्यंत हिचं एक पान पिवळं पडलं तर नाव बदलीन. जगवून दाखवतो!"

ब्राउलिओने झडप घालून रोप परत छातीशी धरलं.

"जगवतोस? मेल्या, माझ्या जिवावर उठलायस का?"

मागची रांगही एकदम भडकली. बहिऱ्या आजीने काय झालं विचारलं, ते तिला ओरडून सांगावं लागलं, आणि मग तिनेही काठी उगारली. शेवटी निल्दानेच मधे पडून फळीवरची कळशी काढली, भरली, आणि नवऱ्याच्या हातात दिली.